चौकशीची खिडकी आणि एकोणीस सह्या

काका पहिल्यांदा माझ्या ऑनलाइन अर्ज भरायच्या केंद्रात आले तेव्हा दार सताड उघडं होतं, तरी ते आत आले नाहीत. काचेला पैसे घेण्यासाठी एक अर्धगोल भोक ठेवलेलं होतं. त्या भोकाशी वाकून त्यांनी विचारलं, "ठिबक सिंचनाचा अर्ज इथे भरून मिळतो का?" मी म्हटलं, मिळतो, आत या की. तर म्हणाले, आधी उत्तर, मग प्रवेश. मग चपला बाहेर काढून, छत्री कोपऱ्यात उभी करून ते आत आले आणि माझ्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर असे बसले की पुढची सहा वर्षं उठलेच नाहीत म्हटलं तरी चालेल.

त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. ती खुर्ची मी अजून बदललेली नाही. तिचा एक पाय वाकडा आहे आणि त्यावरून गिऱ्हाइकं मला बोलतात, पण मी लक्ष देत नाही.

काकांनी सगळी नोकरी रत्नागिरीच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागे काढली होती. त्यामुळे अर्धं शहर त्यांना ओळखायचं, पण चेहऱ्याने नाही, आवाजाने. बाजारात त्यांनी कोथिंबिरीचा भाव विचारला की शेजारची बाई चटकन पायाशी ठेवलेली पिशवी उचलायची, आपली गाडी लागली असं समजून. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. तिखटमीठ लावून सांगायची मला सवय आहे, पण इथे लावलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर आपल्या मेहुण्याच्या नारळबागेसाठी काही सरकारी मदत मिळते का ते विचारायला काका कुठल्याशा कार्यालयात गेले. तिथे 'चौकशी' अशी पाटी होती, पाटीखाली खुर्ची होती आणि खुर्चीत कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेले, तरी नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसले. दुपारपर्यंत कितीतरी माणसं येऊन त्यांना प्रश्न विचारून गेली. फवारणीचा पंप मिळतो का, विहिरीला काही आहे का, कलमांचं काय. एकाचंही उत्तर आपल्याला देता आलं नाही याची काकांना एवढी लाज वाटली की ते त्या रात्री जेवले नाहीत. संध्याकाळी शिपायाने उठवलं म्हणून खुर्चीतून उठले, पण मनाने ते कधी उठलेच नाहीत. शेतीच्या योजना शोधायच्या, त्या कुणाच्या उपयोगाच्या आहेत ते हुडकायचं आणि त्या माणसाला धरून आणून त्याचा अर्ज भरायचा, हा उद्योग त्यांनी दुसऱ्या दिवशी सुरू केला. अर्ज ऑनलाइन भरायचे असल्याने माझ्या केंद्राशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं आणि त्यांच्याशिवाय मला उरलं नाही.

त्यांची एक लांबट वही होती, बसच्या वेळापत्रकासारखी आखलेली. पहिल्या रकान्यात योजना, मग 'सुटण्याची वेळ', मग 'मार्गे', मग 'प्रवासी' आणि अखेरीस 'शेवटचा थांबा'. मार्गेच्या रकान्यात तलाठी, कृषी सहायक, बँक अशी वाट लिहिलेली असे. तलाठी रजेवर गेले की शेजारी पेन्सिलीने 'रस्ता बंद'. प्रवासी म्हणजे अर्जदार. शेवटचा थांबा म्हणजे अनुदान नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. मेहुण्याच्या अर्जापुढे त्या रकान्यात त्यांनी 'शहाळं' असं लिहून ठेवलं होतं.

रोज सकाळी साडेनऊला येऊन ते मला नवे शासन निर्णय उघडायला लावत आणि शेवटच्या पानापासून वाचत. गोड बातमी पहिल्या पानावर असते आणि अटी शेवटच्या, तेव्हा उलटं वाचलं की तोंड गोड करून उठता येतं, असं त्यांचं म्हणणं. वाचता वाचता एकदम ताठ बसले की मी ओळखायची, काहीतरी सापडलं. मग ते फोन लावत. नाव नाही, गाव नाही, "गाडी लागलीय. सातबारा, आठ अ, आधार, पासबुक घेऊन या," एवढं बोलून फोन बंद. आणि माणसं खरंच धावत यायची. पावसहून, लांज्याहून, जाकादेवीहून. एक जण तर अंगाला मोहराच्या फवारणीचा वास घेऊन तसाच आला होता, हातपायही न धुता.

घेत मात्र ते कुणाकडून काही नसत. अर्धा कप चहा आणि एका बाजूने कोरे असलेले माझ्याकडचे फुकट गेलेले कागद, एवढीच त्यांची कमाई.

एक शब्द ते कधीच वापरत नसत: 'आली'. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी फोनवरच्या निरोपावर विसंबून एक गाडी आली असं जाहीर केलं होतं. लोक बोचकी घेऊन फलाटावर धावले आणि गाडी वाटेत घाटातच बंद पडलेली. त्या दिवशी एक म्हातारी बाई त्यांच्या खिडकीशी येऊन नुसती बघत उभी राहिली. तेव्हापासून चाक डोळ्यांनी दिसेपर्यंत काका 'अपेक्षित आहे' एवढंच म्हणत. योजनांनाही तोच नियम. अर्जदाराने कितीही काकुळतीला येऊन विचारलं, काका, अनुदान मिळेल ना, तरी ह्यांचं उत्तर एकच, अपेक्षित आहे. मला तर कधी कधी त्यांच्या डोक्यात चहा ओतावा असं वाटायचं.

भाट्याचे एक बागायतदार गवत कापायच्या यंत्रासाठी आले होते. जमीन त्यांच्या आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, दोघांच्या नावावर. काकांनी अर्ज वहिनींच्या नावाने करायला सांगितला, कारण त्या योजनेत बायकांना अनुदान जास्त होतं. गृहस्थांना ते पटेना. यंत्र मी चालवणार आणि अर्ज तिचा, हे कसं? काका म्हणाले, राखीव सीट रिकामी असताना उभ्याने प्रवास करणाऱ्याला मी काय म्हणतो ते बाईमाणसासमोर सांगत नाही. मी समोर बसले होते, म्हणून ते राहूनच गेलं. अर्ज वहिनींच्या नावाने गेला, यंत्र मिळालं आणि वहिनी म्हणाल्या, माझं आहे तर मीच चालवणार. आता त्या आजूबाजूच्या बागा साफ करायची कामं घेतात आणि गृहस्थ मागून पेट्रोलचा कॅन घेऊन चालतात. मला दोघं रस्त्यात भेटले की हसू आवरत नाही.

उलट, एका माणसाला जुनी जाणती काजूची झाडं नवी लागवड म्हणून दाखवायची होती. तो माझं नेहमीचं गिऱ्हाईक. काकांनी उजवा तळवा त्याच्या तोंडासमोर उभा धरला, म्हणाले, "खिडकी बंद," आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तो पाऊण तास त्यांच्या पाठीशी बोलत होता. शेवटी गेला तो गेलाच. त्यावरून मी काकांशी चांगली भांडले. मला आडवाटा चालतात, त्यांना चालत नसत. आमची अर्धी भांडणं त्यावरूनच व्हायची.

आता आईचं सांगते. आमचं गाव देवरूखच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. वडील गेल्यावर आई तिथे एकटी राहायची आणि वाडीतल्या इतर बायकांसारखी काजूबी फोडायला घ्यायची. काजूच्या टरफलात तेल असतं. ते हाताला लागलं की कातडी काळी पडते, सोलवटते. बायका राख चोळून बसतात, पण राखेने काय होतंय. आईचे हात मी लहानपणापासून तसेच पाहत आलेले, त्यामुळे मला त्यात काही दिसायचंच नाही, हे कबूल करायला हवं.

एकदा रेशनकार्डाच्या पडताळणीसाठी अंगठा द्यायला ती माझ्या केंद्रात आली. काचेवर अंगठा ठेवला, लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल. मग एकेक करून दहाही बोटं झाली. मी ओल्या फडक्याने पुसली, लिंबू चोळलं, पुन्हा ठेवली. लाल. तेलाने बोटांवरच्या रेघाच खाऊन टाकल्या होत्या. मागे सात-आठ माणसांची रांग. आई हसली, म्हणाली, "यंत्राला वाटतंय मी माणूस नव्हे," आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. ते हात पदराखाली गेलेले मला अजून दिसतात आणि अजून माझ्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

काका खुर्चीतून हे सगळं बघत होते. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी आले ते वहीचं नवं पान आखूनच. योजना: लहान काजू प्रक्रिया केंद्र. बी वाफवायचं भांडं, फोडायची यंत्रं, शेड, हातमोजे. प्रवासी: आईचं नाव. शेवटचा थांबा: अंगठा. मला वाटलं, कुठल्यातरी कागदावर ठसा लागत असेल.

लगेच अर्ज करू, असं मी म्हटलं. काका म्हणाले, आधी सातबारा. आमच्याकडे जमीन वाटलेली नसते. सातबाऱ्यावर पणजोबापासूनची नावं एकाखाली एक उभी असतात आणि त्यातले निम्मे स्वर्गात असतात. काकांनी वर्षभर खपून मेलेल्यांची नावं कमी करवली, वारसांची लावून घेतली. आई, मी आणि आमच्याशिवाय एकोणीस जण, सगळे हयात, असा सातबारा तयार झाला तेव्हा त्यांनी तो माझ्यासमोर मोठ्याने वाचून दाखवला. मग अर्ज गेला. मग सोडत निघण्याची वाट बघणं आलं.

आणि एका सकाळी, होळीला दोन दिवस असताना, माझ्या मोबाइलवर मेसेज आला. आईची निवड झाली होती! मी खुर्चीवरून उठून किंचाळले, झेरॉक्सवाला पोरगा घाबरून बाहेर पळाला. काकांनी चष्मा लावून मेसेज शेवटच्या ओळीपासून वाचला. दहा दिवसांत कागद चढवायचे होते. त्यात सर्व सहहिस्सेदारांचं संमतीपत्र होतं, सह्यांसकट. एकोणीस सह्या, आणि त्यातली बारा माणसं मुंबई, पुणे, विरार, पनवेल अशी पांगलेली. एक जरी राहिली तर निवड रद्द. मी मोबाइल टेबलावर उलटा टाकला.

काका मात्र खुर्चीत ताठ झाले होते. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "तुमच्या वाडीत पालखी कितव्या दिवशी येते?"

मी मोजलं. दहाव्या दिवशी. तोच शेवटचा दिवस.

"शिमग्याला पालखीपुढे न येणारा एक चाकरमानी दाखवा मला," काका म्हणाले. "एकोणीस प्रवासी, एकच थांबा. ह्यापेक्षा चांगली सोय सरकारही करून देणार नाही."

त्यांना एकच गोष्ट मी सांगितली नव्हती, आणि ती म्हणजे आप्पा. आप्पा माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. आमची आणि त्यांची खळी, म्हणजे अंगणं, शेजारी शेजारी, मध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा. ग्रामदेवतेची पालखी वाडीत शिरली की पहिली आमच्या खळ्यात बसते, कारण मूळ घर आमच्या वाट्याला आलं. वडील गेल्यावर आप्पा म्हणाले, आता वडीलधारा मी, मान माझ्या खळ्यात आला पाहिजे. आई नाही म्हणाली. त्याला सात वर्षं झाली. सात वर्षं आप्पांनी आमच्या खळ्यात पाऊल टाकलं नव्हतं की आईशी शब्द बोलले नव्हते. पालखी आमच्याकडे बसली की ते आपल्या खळ्यात, गडग्यापलीकडे हात जोडून उभे राहत. आणि आमच्या भाऊबंदकीत थोरल्याआधी सही करायची कुणाची छाती नाही.

दहाव्या दिवशी सकाळच्या गाडीने काका आमच्या वाडीत उतरले. हातात संमतीपत्र लावलेला पॅड, स्टँपपॅड आणि दोन पेनं, तीही दोऱ्याने स्वतःच्या शर्टाच्या काजाला बांधलेली. लोकांच्या हाती पेन सुटं देऊ नये, हे त्यांचं खिडकीतलं शिक्षण. आमच्या सारवलेल्या खळ्यात त्यांनी लोखंडी टेबल मांडलं आणि मागे बसले. माणसं येत होती, पाया पडत होती, सरबत पीत होती. पण सहीचं नाव काढलं की एकच उत्तर, "आप्पांची झाली काय? त्यांची होऊंदे, मग आमची काय मोठीशी." दुपारपर्यंत कागद कोरा होता. मी आत जाऊन देवघरापुढे उभी राहिले आणि देवाला दोन शब्द सुनावून आले.

एवढ्यात काका टेबलामागून नाहीसे झाले. ते शेजारच्या वाडीत, पालखीबरोबर येणाऱ्या गुरवांना गाठायला गेले होते, हे मला मागाहून गुरवांनीच सांगितलं. पालखी बसली की गुरव देवीला गाऱ्हाणं घालतात, वाडीचं सगळं सुखदुःख तिच्या कानावर घालतात आणि दर वाक्याला सगळे मिळून होकार देतात. गुरव म्हणाले होते, देवीच्या कानात सरकारी कागद मी घालणार नाही. काका म्हणाले, "कागद घालू नका. बाईचे हात घाला."

ढोलांचा आवाज आला. पालखी नाचत नाचत आमच्या खळ्यात आली, बसली. आईने ओटी भरली. वाडी दाटून उभी होती, गडग्यापलीकडे आप्पा. गुरवांनी गाऱ्हाणं सुरू केलं. मुंबईकरांची वाट राख, व्हय म्हाराजा! पोराबाळांना शिकव, व्हय म्हाराजा! आणि मग गुरव आईकडे वळले.

"ह्या घरातल्या माउलीच्या हातावरच्या रेघा काजूच्या तेलान खाल्ल्यान. त्या परत येऊंदेत. त्यासाठी जो कोण हात लावील त्याचं बरं कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळं खळं ओरडलं. मी आईकडे बघत होते, ओरडायचं राहूनच गेलं. काका टाचा उंचावून फक्त आप्पांच्या तोंडाकडे बघत होते. आप्पांचे ओठ हलले होते. देवीपुढे गप्प कसे राहतील?

पण सही करायला ते आले नाहीत. तिथेच उभे. आणि वाडी त्यांच्याकडे बघत उभी. सगळे इतके जवळ आणि एक पाऊल कुणी टाकेना. तेव्हा काकांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "थांबाच चुकीचा दिलाय मी," ते म्हणाले. सही करायला आमच्या खळ्यात यावं लागणार होतं आणि आप्पा आमच्या खळ्यात येणार नव्हते. एवढी साधी गोष्ट योजनांतल्या प्रत्येक पळवाटेचा पत्ता असलेल्या माणसाच्या लक्षात आली नव्हती. त्यांनी टेबल जागच्या जागी सोडलं, पॅड उचलला आणि नेऊन गडग्यावर ठेवला. अर्धा आमच्या बाजूला, अर्धा आप्पांच्या.

आप्पा दोन पावलं पुढे आले. आईकडे न बघता मला म्हणाले, "तुझ्या आयशीला सांग, हात दाखव म्हणावं."

आईचे हात पदराखाली होते. ती हलेना. मग एकदम पुढे झाली आणि दोन्ही तळवे तिने गडग्यावर, स्टँपपॅडच्या शेजारी उताणे ठेवले. आप्पांनी खिशातून चष्मा काढला, लावला. एकेक बोट निरखून पाहिलं. मग पेन ओढलं. पेन दोऱ्याला, दोरा काकांच्या शर्टाला, त्यामुळे काकाही ओढले जाऊन गडग्यावर आपटले. आप्पांनी सही केली.

"मला सांगायचं होतंस गो," ते आईला म्हणाले.

"तुम्ही बोलत होतात कुठं," आई म्हणाली.

आप्पा गडग्याला वळसा घालून, बेड्याच्या फाटकातून आमच्या खळ्यात आले आणि पालखीपुढे आडवे झाले. त्यापुढे मग काय विचारता! गडग्याच्या दोन्ही बाजूंना रांगा लागल्या. काका खणखणीत आवाजात सातबाऱ्यावरचं एकेक नाव पुकारत होते आणि माणसं हात वर करून पुढे येत होती. बारा झाल्या, पंधरा झाल्या, अठरा झाल्या. एकोणिसावा मिळेना. पनवेलचा चुलतभाऊ, सकाळी तर पाया पडला होता. मी घरामागे बघून आले, विहिरीवर बघून आले. आईनेच बोट दाखवलं. तो पालखीच्या दांड्याखाली होता आणि पालखी पुढच्या घराकडे नाचत निघाली होती. खांदा सोडता येत नाही, पालखी थांबवता येत नाही. काका पॅड घेऊन पालखीबरोबर नाचू लागले. साठी उलटलेला माणूस, आयुष्यभर खिडकीमागे बसलेला, दोन्ही पाय वर टाकून नाचत होता. शेवटी आप्पांनी जाऊन स्वतःचा खांदा दिला, चुलतभाऊ सुटला आणि त्याने काकांच्या पाठीवर कागद टेकून सही केली. कागदाला गुलाल लागला तो लागलाच.

देवरूखला जाणारी गाडी खालच्या रस्त्याला वळणावर दिसत होती. वाडीत मोबाइलला रेंज नव्हती, देवरूखला पोचल्याशिवाय कागद चढणार नव्हते. आम्ही पायवाटेने धावत सुटलो. मी पुढे, मागे काका, त्यांच्या छातीवर दोऱ्याने लोंबणारी दोन पेनं. गाडी थांब्यावरून हलली. मी हात हलवत ओरडले, कुणी बघेना. तेव्हा मागून तो आवाज आला, स्थानकातला, जसाच्या तसा: "देवरूखकडे जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!" ड्रायव्हरने खाडकन ब्रेक मारला. वाहकाने खिडकीतून डोकं काढून आधी आभाळाकडे पाहिलं.

देवरूखला माझ्या ओळखीच्या केंद्रात आम्ही ऊन असतानाच पोचलो. संमतीपत्र स्कॅन झालं, गुलालाचा डाग पडद्यावर चांगला वीतभर दिसत होता. मी बटण दाबलं. पोर्टल फिरत राहिलं, फिरत राहिलं. मग हिरवी अक्षरं उमटली, कागदपत्रं जमा झाली. मी काकांकडे वळले. आता तरी काही गोड बोलतील म्हणून.

"सुटली," ते म्हणाले आणि बाकावर बसून धापा टाकू लागले.

पुढे सगळं यथासांग झालं. तपासणीला साहेब येऊन गेले, शेड उभी राहिली, वाफेचं भांडं बसलं, यंत्रं बसली. आई आणि वाडीतल्या चार बायका हातमोजे घालून काम करू लागल्या. आप्पा रोज गडग्यावर बसून न मागता सूचना द्यायचे. पालखी पुढल्या शिमग्यातही आमच्याच खळ्यात पहिली बसली, फक्त तिला उतरवून घ्यायला पहिला हात आप्पांचा होता. तो आईनेच द्यायला लावला. अनुदान बँकेत जमा झालं त्या दिवशी मी पेढे घेऊन काकांची वाट बघत बसले. ते आले, पेढा घेतला, वही उघडली आणि आईच्या पानावर काही न लिहिता मिटली. मी विचारलं, आता काय राहिलं? म्हणाले, "अपेक्षित आहे." मी एवढी चिडले की पेढ्यांचा खोका उचलून आत ठेवून दिला. पैसे आले, यंत्रं आली, सगळं आलं, आणि ह्या माणसाला एक शब्द बोलवत नाही!

त्यानंतर वर्ष गेलं असेल. गणपतीची खरेदी करायला आई रत्नागिरीला आली आणि आली तशी केंद्रात शिरली. रेशनकार्डाची पडताळणी पुन्हा निघाली होती. तिने अंगठ्याचं यंत्र बघितलं आणि म्हणाली, नको, ते ओटीपीचंच कर. लोक होते. तिचा हात पदराकडे गेलेला मी पाहिला. काका खुर्चीतून उठले. सहा वर्षांत पहिल्यांदा ते टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आले. "वहिनी," म्हणाले, "एकदा ठेवून बघा."

आईने अंगठा काचेवर ठेवला. यंत्राने जरा वेळ घेतला. मग हिरवा दिवा लागला. टूं असा आवाज झाला आणि पडद्यावर आईचं नाव आलं, फोटोसकट.

आई स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग तिने तो उलटा करून मला दाखवला, जणू मी कधी बघितलाच नव्हता. बारीक, नव्या, गुलाबी रेघा होत्या त्यावर. मी रडत होते आणि रांगेतले लोक काय झालं म्हणून एकमेकांकडे बघत होते.

काकांनी वही काढली. आईच्या पानावर, शेवटच्या थांब्यापुढे, एक बरोबरची खूण केली. मग ते काचेच्या त्या अर्धगोल भोकाशी गेले, वाकले आणि रस्त्यावरची माणसं वळून बघतील अशा आवाजात त्यांनी जाहीर केलं,

"आली."